घासणीचा दिवस

घासणीचं गाणं कोणी निवडायचं, याबद्दल अण्णांचा नियम सुरुवातीपासून एकच होता: घरात ज्याला बदल सगळ्यात जास्त खुपतोय, त्याने.

घासणी हा शब्दही घरचाच. अण्णांच्या रेडिओ स्टेशनवरची गाणी बदलायची, म्हणजे एक प्रकार बंद करून दुसरा सुरू करायचा, तर मधला एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच गाणं फिरवून फिरवून लावायचं. भांड्यात दुसरं काही शिजवायचं तर आधी ते घासायला हवं, एवढं साधं शास्त्र त्यामागे होतं. जुने कान कंटाळून उठून जातात, नव्यांना कुतूहल वाटतं, आणि समोरच्या स्टेशनवाल्यांना दिवसभर कळत नाही की हे लोक वेडे झालेत की शहाणे. हा उद्योग बाकीची स्टेशनंही करतात. पण त्यात रुसलेल्या माणसाला हाताशी धरायची अक्कल अण्णांची. जो चिडलाय त्याच्याच हातात कळ दिली, की पुढे जन्मभर त्याला 'मला कोणी विचारलं नाही' असं म्हणायची सोय राहत नाही.

मागच्या घासणीला नाटकं बंद होऊन गाणी आली होती. नाटकं आईची लाडकी. तिने गाणं निवडलंच नाही. घरून खलबत्ता आणला, माइकसमोर ठेवला आणि मनसोक्त कुटून दिलं. तिचा राग गावाने दिवसभर ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःच गाण्यांच्या तबकड्या पुसत बसली होती. आई आता नव्हती, पण खलबत्ता अजून तबकड्यांच्या खोलीत दाराला टेकण म्हणून होता.

या खेपेला जुनी गाणी जाऊन नवी येणार होती, आणि ते खुपत होतं अण्णांच्या मोठ्या मुलाला, थोरल्याला.

खुपणारच. जुनी गाणी म्हणजे तो आणि तो म्हणजे जुनी गाणी, असं गावाचं गणित होतं. सकाळी त्याचा आवाज आल्याशिवाय चहाचं आधण न ठेवणारी घरं होती. पण ती घरं म्हातारी होत चालली होती आणि जाहिरातवाल्यांना म्हाताऱ्यांचं सोयरसुतक नसतं. ते एकेक करून काचवाल्यांकडे निघाले होते. काचवाले म्हणजे चौकातल्या काचेच्या इमारतीतलं स्टेशन. मालक कुठेतरी लांब, शाखा गावोगाव, आणि सगळीकडे तीच नवी गाणी, त्याच हसऱ्या आवाजात. त्याच्या बहिणीचं, धाकटीचं, म्हणणं असं, की नवी गाणी ऐकणाऱ्या पोरांना त्यांच्या गल्लीतलं कोणी बोलताना ऐकायला मिळत नाही, ते आपण देऊ. गाणी नवी, बोलणं गावचं. हे तिने अण्णांना पटवलं होतं. काकांना पटलं नव्हतं, पण ते गप्प झाले होते. आणि थोरल्याची बायको, जिला सगळं स्टेशन वहिनी म्हणे, ती तर पहिल्यापासून धाकटीच्या बाजूची. जाहिरातींचं काम तिच्याकडे असल्यामुळे गळती कुठून आहे हे तिनेच पहिल्यांदा पाहिलं होतं.

"दादा, गाणं दे," धाकटी म्हणाली. सकाळची वेळ होती, सगळे तबकड्यांच्या खोलीत जमले होते. घासणीच्या दिवशी घरातल्या कोणी स्टेशन सोडून घरी जायचं नाही, हाही अण्णांचाच नियम. मोडला होता तो फक्त अण्णांनी, कारण खुब्याचं हाड मोडल्यामुळे ते घरी पलंगावर होते.

"मिळेल."

"कधी? सूर्य उगवला."

"त्याला मी थांबवलेलं नाही."

"अहो, सकाळी सकाळी कशाला?" वहिनी म्हणाली. "एखादं गोड गाणं द्या आणि मोकळे व्हा."

"गोड कशाला? भांडं घासायचंय ना? राख लागते त्याला."

काका कोपऱ्यात एका जुन्या यंत्राचं झाकण उघडून बसले होते. अण्णांचे ते धाकटे भाऊ. स्टेशनचा मनोरा, तारा, यंत्रं हा त्यांचा संसार, दुसरा त्यांनी केला नाही. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कपाटाची किल्ली हवी का रे?" थोरल्याने हात पुढे केला. त्या दोघांची नजर क्षणभर भेटली, आणि धाकटीने ती भेटलेली पाहिली.

काकांना जे माहीत होतं ते असं. काचवाल्यांना वास लागला होता. हे लोक जुनी गाणी सोडतायत, म्हणजे ती जागा रिकामी होतेय, तर आपणच तिथे बसू, असा त्यांनी बेत केला होता. आणि जुनी गाणी म्हटल्यावर त्यांना हवा होता थोरला. त्यांचा व्यवस्थापक, जो घरातसुद्धा काळा चष्मा लावत असल्याने गावभर गॉगल या नावाने ओळखला जाई, त्याने फोन करून सांगितलं होतं: "गाणी तुमची, वेळ तुमची, आवाज तुमचा. फक्त दार वेगळं, सर." उत्तर आज संध्याकाळपर्यंत हवं होतं. काका तेव्हा म्हणाले होते, "जा. मी तुझ्या जागी असतो तर गेलो असतो." ते कधीच कुठे गेले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

जायचं की नाही, हे थोरल्याने ठरवलं नव्हतं. पण धाकटीने टेबलावर लावलेला नव्या कार्यक्रमांचा तक्ता त्याने पाहिला होता. दुपारी कोण, संध्याकाळी कोण, सगळं लिहिलेलं होतं. सकाळच्या चौकटीत काहीही नव्हतं. त्याने तिला विचारलं नाही. विचारायला जीभ रेटली नाही. आपल्या बापाच्या स्टेशनात आपली जागा कुठे, हे धाकट्या बहिणीला विचारायचं म्हणजे नाक कापून हातात देण्यासारखंच.

कपाटाच्या तळात त्याला हवं ते सापडलं. एका जुन्या फितीवरची स्टेशनची पहिली जाहिरात. खालच्या मजल्यावर तेव्हाही गादीवाल्याचं दुकान होतं, आताही होतं, आणि त्या दुकानासाठी सगळ्या घराने मिळून हे गाणं म्हटलं होतं. आई पेटीवर, अण्णा, काका, शाळकरी थोरला आणि नुकती बोलायला शिकलेली धाकटी.

पाठ टेकवा, डोळे मिटवा,
दिवसभराचा शीण हटवा,
गादी आमची मऊ मऊ,
झोप विचारी, "आत येऊ?"

शेवटचं 'आत येऊ' धाकटीने एकटीने म्हणायचं होतं. 'दिवसभर गादीची जाहिरात ऐका आता,' थोरल्याने मनात म्हटलं. दुपारपर्यंत गाव हात जोडेल. धाकटीच्या नव्या स्टेशनचं हसं झालं की गावही जुन्या गाण्यांच्या मागे काचवाल्यांकडे जाईल, आणि मग पाहू. फितीवर तेच गाणं दोनदा म्हटलेलं होतं. त्याने पहिलं घेतलं, संगणकावर चढवलं, पुन्हा पुन्हा वाजत राहील अशी कळ दाबली आणि पाठ वळवली. नव्या पोरांना तो नेहमी बजावायचा, की शेपूट ऐकल्याशिवाय काही हवेत सोडायचं नाही, गाणं संपल्यावर फितीवर काय आहे ते देवाला ठाऊक. त्या दिवशी रागाच्या भरात त्याने स्वतःच शेपूट ऐकलं नाही.

गाणं सुरू झालं. पेटी वाजली. शाळकरी थोरल्याचा आवाज सगळ्यांच्या वर चढून, छाती फुगवून निघाला. 'आत येऊ'पाशी तर त्याने असा काही टिपेचा सूर लावला, की धाकटीचं चिमणं बोलणं त्यात विरघळूनच गेलं. गाणं संपलं. आणि मग तरुण अण्णांचा दमदार आवाज खोलीत, मनोऱ्यावर आणि सगळ्या गावात घुमला:

"थोरल्या, जरा खाली! धाकटीचं ऐकू येऊ दे. चला, पुन्हा एकदा."

आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

गाणं दुसऱ्यांदा संपलं, थोरल्याने पुन्हा तसाच टिपेचा सूर लावला, आणि अण्णांनी पुन्हा त्याला दटावलं. तिसऱ्यांदा वहिनीने पदर तोंडावर धरला. चौथ्यांदा तिला तो पुरला नाही.

"थांबव ते," थोरला म्हणाला.

"नाही हं," धाकटी म्हणाली. तिचे डोळे हसण्याने भरून आले होते. "घासणी एकदा सुरू झाली की संध्याकाळपर्यंत बदलायची नाही. नियम आहे."

"चुकून गेलंय ते शेपूट!"

"तू लावलंस ना? मग झालं. काका, नियम आहे की नाही?"

काका पहिल्यांदाच यंत्रातून डोकं वर काढून ऐकत होते. "वहिनींची पेटी," ते म्हणाले. ते आईबद्दल बोलत होते. "केवढी स्वच्छ आलीय बघ." त्यांच्याकडून मदत मिळायची नाही हे थोरल्याला तेव्हाच कळलं.

फोन यायला सुरुवात झाली. पहिले काही तक्रारीचे होते, 'तबकडी अडकली का हो' म्हणून. मग सूर बदलला. एक बाई म्हणाल्या, "तो थोरला ऐकत का नाही वडिलांचं? सकाळपासून सांगतायत बिचारे." एका रिक्षावाल्याने कळवलं, की त्याचे प्रवासी उतरायला तयार नाहीत, पुढच्या वेळी तरी पोरगा खाली येतो का हे त्यांना बघायचंय. कॉलेजच्या पोरापोरींनी फोनवर गाणं म्हणून दाखवलं, आणि शेवटी ओरडले, "थोरल्या, जरा खाली!" धाकटीने दोन फेऱ्यांच्या मध्ये एकेक फोन हवेत सोडायला सुरुवात केली. गाणं तेच राहिलं, नियम मोडला नाही, पण मध्ये मध्ये गाव बोलू लागलं.

मधेच खालचा गादीवाला जिना चढून आला. आता पार वाकला होता. "अहो, एवढी जाहिरात मी सांगितलेली नाही," तो घाबराघुबरा होऊन म्हणाला. "याचं काही लागणार असेल तर आधीच सांगतो, मला झेपणार नाही."

"काही लागणार नाही हो, बसा," वहिनी म्हणाली.

"बसायला वेळ कुठाय? खाली रांग लागलीय." आणि तो आला तसा उतरून गेला.

थोरल्याला खोलीत बसवेना. घरी जायची बंदी होती, पण रस्त्यावर उतरायची नव्हती. तो उतरला आणि पस्तावला. न्हाव्याच्या दुकानातून हाक आली, "थोरल्या, जरा खाली!" फळवालीने तराजूचं पारडं दाबत तेच म्हटलं. आजवर हे लोक त्याला पाहिलं की उठून नमस्कार करत. आज हसत होते. गंमत अशी, की त्या हसण्यात थट्टा होती पण हेटाळणी नव्हती. ज्याच्या आवाजाला इतकी वर्षं अदबीने ऐकलं, तो एकदा बापाची बोलणी खाणारा पोरगा होता, हे कळल्याने गावाला तो एकदम घरचा वाटू लागला होता. थोरल्याला हे दिसत होतं. पण रुसलेल्या माणसाला दिसलेलं पटतं असं थोडंच असतं.

गॉगल चौकातच भेटला. काचेच्या दारापाशी उभा होता, आणि त्याच्यामागे त्याच्याच स्वागतकक्षात कोणीतरी हळूच गादीचं गाणं लावलं होतं.

"सर, हा काय प्रकार?" त्याने विचारलं. हसत होता, पण ओठांनीच. "असो. चांगलंच झालं. 'जरा खाली' आपण उद्याच्या जाहिरातीत वापरू. थोरला आता आमच्याकडे, असं काहीतरी. उत्तर होकारार्थी समजू ना?"

"सकाळची वेळ माझी?"

"तुमचीच."

"गाणी पूर्ण लागतील?"

"कडवं-दोन कडवं कापावं लागेल, सर. सगळेच कापतात. आणि बोलणं आदल्या दिवशी रेकॉर्ड करायचं. आमच्या सगळ्या शाखांना एकच सकाळ जाते. तेवढं गल्ल्यांची, दुकानांची नावं घ्यायचं टाळा. दुसऱ्या गावात काय कळणार?"

"म्हणजे पुलावर खड्डा पडलाय, असं सांगायचं नाही."

"कुठल्या पुलावर, सर? पूल सगळीकडे असतात."

गल्ल्यांची नावं न घेता सकाळ कशी करतात, याचा थोरला विचार करत परतला. नाही म्हणायला त्याला एवढं पुरलं असतं. पण तक्त्यातली ती कोरी चौकट त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिकडे नावं घ्यायची नाहीत, आणि इकडे आपलंच नाव नाही. धड ना इकडचे, धड ना तिकडचे.

तो वर आला तेव्हा धाकटी स्टुडिओत एकटी होती. काचेपलीकडे वहिनी फोन घेत होती. थोरल्याने दार लावलं आणि इतके दिवस गिळलेलं एकदम बाहेर आलं.

"मला काचवाल्यांनी बोलावलंय."

धाकटीने कानावरचा हेडफोन काढून गळ्यात अडकवला. "माहितीये."

"काकांनी सांगितलं?"

"काका कुणाला काही सांगतात का? गॉगलचीच कारकून माझी मैत्रीण आहे." ती थांबली. "जाणार आहेस?"

"इथे काय ठेवलंयस माझ्यासाठी? तक्ता पाहिला मी. सकाळ कोरी आहे."

"कोरी नाही, मोकळी आहे. मी तुझी वाट बघत होते."

"मग तोंडाने सांगायचं होतंस!"

"आणि तू तोंडाने विचारायचं होतंस!" तिचा आवाज चढला. "दादा, तुझं नाव मी लिहिलं असतं तर म्हणाला असतास, मला न विचारता लिहिलं. नाही लिहिलं तर म्हणतोस, मला काढलं. मी करू काय? सगळा तक्ता बोलत बोलत केला मी, या खोलीत, तुझ्यासमोर. तू खिडकीबाहेर बघत होतास."

"नवी गाणी माझ्या तोंडी शोभतात का?"

"गाणी मी लावीन. मला तुझ्याशेजारी बसायचंय. सकाळी दोघांनी." आता ती हळू बोलत होती. "पण मला भीती वाटते तुझी. खरंच सांगते. तू बोलायला लागलास की या घरात दुसऱ्या कुणाचं ऐकू येत नाही. आज अख्ख्या गावाने ऐकलं ते. मी ते 'आत येऊ' म्हटलंय हे मलासुद्धा आठवत नव्हतं. ऐकूच येत नाही ना त्यात."

हे थोरल्याला लागलं. खरं असलेलंच जास्त लागतं. "ठीक आहे," तो म्हणाला. "माझा आवाज नडतो ना सगळ्यांना? मग गप्पच बसतो. गावाची करमणूक झाली, तुझं स्टेशन चाललं. मी जातो."

दार उघडलं तेव्हा पलीकडे काका आणि वहिनी, दोघंही उभे होते. सगळं ऐकलेलं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आजवर धाकटीची बाजू घेणारी वहिनी आता तिच्याकडे बघून म्हणाली, "तू तरी एकदा सांगायचंस गं यांना. आमच्या घरी रात्रंदिवस धुसफूस चाललीय." आणि आजवर थोरल्याला 'जा' म्हणणारे काका म्हणाले, "कुठे जातोस? आज घासणी आहे. घरच्यांनी जायचं नसतं."

"तुम्हीच म्हणाला होतात, जा म्हणून."

"म्हटलं होतं. आज सकाळपासून वहिनींची पेटी ऐकतोय. आता नाही म्हणत."

तेवढ्यात फोन वाजला. वहिनीने उचलला, आणि ताठ उभी राहिली. "अण्णा आहेत."

"हवेत नको सोडू," थोरला म्हणाला. त्याने रिसीव्हर घेतला. पण अण्णांना ऐकू कमी येत असल्यामुळे ते ओरडूनच बोलत, आणि पलीकडचं सगळ्या खोलीला ऐकू आलं.

"कुठलं म्हणणं लावलंस रे गाढवा? ते पहिलं! ते टाकलेलं होतं!"

"चुकून लागलं, अण्णा."

"छान लागलं. पलंगावर पडून सकाळपासून तुला दटावतोय. बरं वाटतंय मला."

"झालो बघा खाली," थोरला म्हणाला. "तुमचं ऐकलं. आता गप्पच बसणार आहे. धाकटीचं ऐकू दे सगळ्या गावाला."

मग अण्णा बोलले, आणि या वेळी ओरडले नाहीत.

"मी 'जरा खाली' म्हटलं होतं. 'गप्प बस' कधी म्हटलं?"

थोरल्याने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"त्या फितीवर दुसरं म्हणणं आहे ना, ते ऐकलंस? नाही ऐकलंस. तुला कुठे पुढचं ऐकायची सवय. दुसऱ्या वेळी तू खाली आलास. म्हणून ती पोर वर आली. तिचा आवाज तेवढा, चिमणीएवढा, त्याला खाली टेकायला काही नको? तू गप्प बसला असतास तर ती घाबरून रडली असती. तुझ्यामुळे तिने म्हटलं. मी तुझ्या आईला तेव्हाच म्हटलं, थोरल्याला गाता येतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याला दुसऱ्याचं गाणं सांभाळता येतं, हे आज कळलं." ते थांबले. "मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. तुला सांगायचं राहून गेलं. आता सांगितलं. ठेव फोन, माझं मोडलेलं हाड ठणकतंय."

फोन ठेवला गेला. थोरला तबकड्यांच्या खोलीत गेला, आणि ती फीत पुन्हा यंत्रावर चढवून, दुसरं म्हणणं त्याने कानाला लावून शेपटापर्यंत ऐकलं. बाकीचे तिघं दारातून बघत होते. शेवटी त्याने कानावरचं काढलं.

"संध्याकाळी हे लावू या का?" वहिनीने हळूच म्हटलं. "शेवटची फेरी म्हणून?"

"नको," थोरला म्हणाला. "हे आपण म्हणू. आत्ताचं."

खिशातून फोन काढून त्याने गॉगलला उत्तर पाठवलं. काय लिहिलं ते त्याने वहिनीला दाखवलं, आणि वहिनीने ते मोठ्याने वाचलं: 'पूल सगळीकडे असतात, पण खड्डा आमच्याच पुलावर आहे. क्षमस्व.' काका इतके हसले की त्यांना खोकला लागला.

संध्याकाळ होत आली. खाली गादीवाल्याच्या दुकानासमोर माणसं जमली होती, कारण गावात कुठूनतरी बोलवा उठली होती की शेवटच्या फेरीला थोरला खाली येणार. कॉलेजची पोरं होती, आणि सकाळी चहाचं आधण ठेवणारी म्हातारी माणसंही. धाकटीने खिडकीतून पाहिलं आणि ती दोन पावलं मागे सरली. कार्यक्रम कधी लावायचे, जाहिरात कुठे बसवायची, गाव कुणाच्या मागे जाईल, हे सगळं तिला कळे. पण लहानपणीच्या त्या 'आत येऊ'नंतर इतक्या वर्षांत ती स्वतः माइकसमोर एकदाही बोलली नव्हती.

"दादा, सुरुवात तू कर," ती म्हणाली. "मी नंतर बोलीन."

"आज सुरुवात तुझी. स्टेशन तू वाचवलंस."

"अजून कुठे वाचलंय?"

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. ही पोर एकटीने सगळ्या घराशी भांडली. अण्णांशी, काकांशी, त्याच्याशी. गाव निसटतंय हे त्याच्या आधी हिने ओळखलं, आणि तो सूड म्हणून जे लावून बसला त्यातून हिने गाव परत गोळा केलं. त्याला तिचा अभिमान वाटला. आज सकाळपासून वाटत होता, आणि तोच गिळायला जड जात होता, हे आता त्याला कळलं.

"वाचलंय," तो म्हणाला. "खिडकीबाहेर बघ. मी बघतोय ना इतके दिवस."

चौघं एका माइकभोवती उभे राहिले. पेटीवर बसायला कोणी नव्हतं, म्हणून काकांनी आईचा खलबत्ता दारापासून उचलून आणला आणि बत्त्याने हलका ठेका धरला. संगणकावरची शेवटची फेरी संपत आली. टिपेचा सूर. अण्णांचं दटावणं. "चला, पुन्हा एकदा."

धाकटीने माइक उघडला.

पाठ टेकवा, डोळे मिटवा. वहिनीचा सूर जरा इकडे-तिकडे होत होता, पण तिने तो धिटाईने रेटला. दिवसभराचा शीण हटवा. काकांचा बत्ता ठाम पडत होता. गादी आमची मऊ मऊ. आणि इथे, जिथे शाळकरी थोरला दिवसभर छाती फुगवून वर चढला होता, तिथे थोरल्याने आपला आवाज खाली आणला. गप्प केला नाही. जमिनीसारखा खाली, सपाट आणि भरलेला धरून ठेवला.

धाकटीचा आवाज थरथरत वर आला, त्याच्यावर टेकला, आणि स्थिर झाला.

"झोप विचारी, 'आत येऊ?'"

खाली रस्त्यावर कोणी टाळी वाजवली नाही. सगळे पुढच्याची वाट बघत होते, दिवसभर ऐकलेल्या त्या दटावणीची. ती आली नाही. तेवढ्या मोकळ्या जागेत थोरला माइककडे थोडा वाकला, आणि ज्या आवाजाने गावाला इतकी वर्षं उठवलं होतं, त्याच आवाजात, हळूच म्हणाला:

"ये."

धाकटीने पहिलं नवं गाणं लावलं.